काजळीची जागा

फिनिक्स शहराच्या उत्तरेस, जेथे वस्ती विरळ होत होत सग्वारो निवडुंगांच्या उजाड मुलुखात संपते, तेथे ॲरिझोना राज्याच्या शिकार व मत्स्य खात्याने चालविलेली बेन एव्हरी नावाची सार्वजनिक चांदमारी आहे. हिवाळ्यात तेथे सकाळचे ऊन सौम्य असते, म्हणून त्या दिवसांत निवृत्त फौजी, हरणाच्या शिकारीचा परवाना मिळालेले गृहस्थ, स्पर्धांची तयारी करणाऱ्या तरुण मुली आणि यंत्राच्या अंतरंगाविषयीचे कुतूहल ज्यांना स्वस्थ बसू देत नाही असे माझ्यासारखे अभियंते आपापल्या कुलूपबंद पेट्या घेऊन तेथे जमतात. या मंडळींत बसून गेली काही वर्षे मी एका प्रश्नाचा पाठपुरावा करीत आलो आहे. गोळीच्या मागून येणाऱ्या तप्त वायूच्या बळावर रायफलीने रिकामे काडतूस बाहेर फेकून दुसरे आत ओढून घ्यावयाचे, हे एकदा ठरले म्हणजे तो वायू यंत्राच्या थेट पोटात येऊ द्यावा, की नळीवरच एक दट्ट्या बसवून त्याची बाहेरच्या बाहेर बोळवण करावी, असा तो प्रश्न. वरकरणी तो क्षुल्लक वाटतो. परंतु त्यावर सैन्याच्या खात्यांनी दप्तरेच्या दप्तरे लिहिली आहेत, विधिमंडळाने चौकशी बसविली आहे, आणि एका युद्धात तर त्याच्याशी निगडित असलेल्या हयगयीपायी माणसे प्राणास मुकली आहेत.

शस्त्राविषयी इतक्या आस्थेने लिहिणाऱ्याकडे मराठी वाचक काहीशा संकोचाने पाहील हे मी जाणतो, आणि तो संकोच मला आदरणीय वाटतो. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना मिळविताना अर्जदाराला ज्या कचेऱ्यांतून आणि ज्या पोलिस तपासणीतून जावे लागते, ती आठवली म्हणजे या देशातील सुलभता पाहून मन दचकते. आणि त्या सुलभतेची किंमत येथल्या शाळांनी व बाजारपेठांनी मोजली आहे हे विसरून जो रायफलीच्या पोलादाची स्तुती करील, त्याची स्तुती माझ्याने ऐकवणार नाही. माझी रायफल लोखंडी तिजोरीत असते, काडतुसे दुसऱ्या कुलपात असतात, आणि दोन्ही किल्ल्या माझ्याखेरीज कोणाच्या हाती जात नाहीत. सातारा जिल्ह्यातील आमच्या घरी खंडेनवमीला कोयता, करवत, कुऱ्हाड आणि आजोबांचे सुतारकामाचे रंधे पाटावर मांडून त्यांना झेंडूची फुले वाहिली जात. येथेही त्या दिवशी पान्हे आणि मोजमापाची हत्यारे पाटावर येतात, आणि रिकामी असल्याची दोनदा खातरजमा करून रायफलही येते. ज्या वस्तूकडून काम घ्यावयाचे ती स्वच्छ करावी, न्याहाळावी, तिच्यातील वैगुण्य वेळीच ओळखावे, एवढाच त्या पूजेचा अर्थ मी लहानपणापासून धरून आहे, आणि पुढील सारी तपासणी त्याच वृत्तीने केलेली आहे.

ही रायफल एआर-१५ या घराण्यातील. दोन खिळी बाजूला सारल्या की तिचे दोन भाग होतात. खालच्या भागात चाप, घोडा, मूठ आणि दस्ता. वरच्या भागात, ज्याला येथे सगळेच अपर म्हणतात, नळी, काडतुसामागे नळीचे तोंड बंद करणारा बोल्ट, त्याला पोटात घेऊन मागेपुढे धावणारा पोलादी वाहक आणि वायूची सारी व्यवस्था. संघराज्याच्या कायद्याने क्रमांक कोरलेला खालचा भागच तेवढा बंदूक मानला जातो आणि वरचा भाग निव्वळ सुटा भाग ठरतो. त्यामुळे एकाच खालच्या भागासाठी दोन-तीन अपर बाळगणारे लोक येथे पुष्कळ आहेत. परीक्षकाच्या दृष्टीने ही मांडणी फार सोयीची आहे. कधी मूळ पद्धतीचे, तर कधी दट्ट्याचे अपर चढवावे. चाप तोच, दस्ता तोच, खांदा तोच, आणि बदलते ती केवळ वायूची वाट.

मूळ पद्धत युजीन स्टोनर यांची. १९५०च्या दशकाच्या मध्यास हॉलिवुडमधील आर्मलाइट या छोट्या कंपनीत काम करीत असता त्यांनी ती सिद्ध केली, १९५६मध्ये तिच्या पेटंटासाठी अर्ज केला आणि १९६०मध्ये ते त्यांना मिळाले. स्टोनर यांनी दट्ट्या काढून टाकला आणि वायूचा झोत सरळ वाहकावर सोडला, असे चांदमारीवर जो तो सांगतो. स्वीडनच्या १९४२च्या ल्युंगमन रायफलीत आणि फ्रान्सच्या मास-४९ रायफलीत खरोखर तसेच होते. स्टोनर यांच्या रचनेत तसे होत नाही, आणि तिचे मर्म नेमके येथेच आहे. नळीवरील छिद्रातून निघालेला वायू एका बारीक पोलादी नळकांडीतून मागे येतो, वाहकाच्या पोटातील पोकळीत शिरतो, आणि बोल्टच्या शेपटाभोवती बसविलेल्या तीन पातळ कड्यांनी त्याचा मार्ग अडविल्यामुळे तेथेच प्रसरण पावतो. म्हणजे वाहक हा सिलिंडर झाला आणि बोल्ट हाच दट्ट्या झाला. तो वायू एकाच वेळी वाहकाला मागे लोटतो आणि बोल्टला पुढे दाबतो. त्या पुढच्या दाबामुळे, नळीच्या मागच्या खाचांत गुंतलेल्या बोल्टच्या दातांवरील ताण, त्यांना फिरून सुटावयाचे असते नेमक्या त्याच क्षणी हलका होतो. शिवाय हे सारे बळ नळीच्या अक्षावरच कार्य करीत असल्यामुळे वाहक सरळ मागे जातो आणि सरळ पुढे येतो, त्याला वर उचलणारे किंवा खाली दाबणारे असे काहीच त्यात नसते. नळीवर दट्ट्या नाही, त्याचा दांडा नाही, दांड्याची स्प्रिंग नाही. म्हणून वजन कमी आणि नळीही मोकळी. तीन स्वतंत्र अडचणींना एका पोकळीने आणि तीन कड्यांनी उत्तर देणारी ही युक्ती मी प्रथम समजून घेतली तेव्हा मला जो आनंद झाला, तो एखाद्या भूमितीच्या सिद्धांताची सिद्धता उलगडल्यावर होणाऱ्या आनंदाच्या जातीचा होता, आणि पुढे तिच्यातील दोष दिसू लागल्यावरही तो ओसरला नाही.

दोष आहेत. वायूबरोबर त्याची काजळी आणि त्याची उष्णता हीही यंत्राच्या पोटात येतात, बोल्टच्या शेपटावर काळा थर धरतो, आणि सतत गोळीबार झाला तर वंगण जळून जाऊन पोलाद कोरडे पडते. व्हिएतनामच्या युद्धात याच रचनेच्या एम-१६ रायफली अडकू लागल्या तेव्हा साऱ्या दोषाचे खापर याच काजळीवर फुटले. परंतु ती कैफियत नीट वाचली म्हणजे वेगळेच चित्र दिसते. १९६४मध्ये सैन्याने काडतुसातील दारू बदलली; नव्या दारूने रायफलीची गती वाढली आणि मळही वाढला. नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस जेथे बसते त्या चेंबरला क्रोमचा मुलामा दिलेला नव्हता, त्यामुळे त्या दमट हवेत तेथे गंज धरून रिकामी काडतुसे चिकटून बसत. त्यातच या रायफलीला फारशा सफाईची गरज नाही अशी समजूत पसरलेली, आणि सफाईचे साहित्य पुरेशा प्रमाणात सैनिकांपर्यंत पोचलेले नव्हते. १९६७मध्ये अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या, रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीने चौकशी करून दारूच्या बदलावर आणि त्यासंबंधीच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले. मग चेंबरला क्रोम चढले, वाहकाचा मागचा धक्का झेलणारा बफर बदलला, सफाईच्या पेट्या रवाना झाल्या, आणि विल आयस्नर या नामांकित चित्रकाराकडून रायफलीची निगा कशी राखावी याची चित्रमय पुस्तिका करवून ती सैनिकांच्या हाती देण्यात आली. वायूची रचना मात्र होती तशीच राहिली, आणि त्यानंतर ती रायफल दशकानुदशके सेवेत राहिली. यंत्राच्या माथी मारलेले पुष्कळसे अपराध कचेरीतील माणसांचे असतात, याचा याहून स्पष्ट दाखला मला ठाऊक नाही. आणि तरीही दट्ट्याच्या अपरची जाहिरात करणारे आजही व्हिएतनामपासूनच प्रारंभ करतात, याचे मला वाईट वाटते.

दट्ट्याचे घराणे अर्थात स्टोनर यांच्याहून जुने आहे. अमेरिकेने १९३६मध्ये स्वीकारलेल्या गॅरंड रायफलीत आणि कलाश्निकोव्ह यांच्या १९४७च्या रायफलीत दट्ट्या वाहकाला जोडलेलाच असतो आणि त्याच्याबरोबर पूर्ण अंतर मागे जातो. दुसऱ्या प्रकारात तो वाहकाला एक आखूड, जोरकस ठोसा देऊन स्प्रिंगच्या बळाने जागेवर परततो. एआर-१५चे हक्क १९५९मध्ये कोल्ट कंपनीला विकून बसलेल्या आर्मलाइटला नवी रायफल हवी होती, ती आर्थर मिलर यांनी १९६३च्या सुमारास या दुसऱ्या प्रकारानेच केली. तीच एआर-१८. तिचा स्वतःचा खप बेताचाच झाला, पण तिची वायुव्यवस्था पुढे अनेक देशांच्या रायफलींत गेली. तैवानने १९७०च्या दशकात ती एआर-१५च्या देहात बसवून आपली टी-६५ केली, आणि या शतकाच्या आरंभी जर्मनीच्या हेक्लर उंड कोखने अमेरिकेच्या विशेष दलासाठी एचके-४१६ केली, जी नॉर्वेने २००७मध्ये आणि फ्रान्सने २०१६मध्ये आपल्या सैन्यासाठी पत्करली. नागरिकांना मिळणारी दट्ट्याची बहुतेक अपर ही याच परंपरेची अपत्ये. प्रतिस्पर्धी म्हणून जगाने ज्यांना एकमेकांसमोर उभे केले ते स्टोनर आणि कलाश्निकोव्ह १९९०मध्ये स्मिथसोनियन संस्थेच्या पुढाकाराने अमेरिकेत भेटले, तेव्हा दोघेही वृद्ध झालेले होते आणि परस्परांशी मोठ्या सौजन्याने वागले. त्यांच्या अनुयायांनी तेवढे सौजन्य अंगी बाणवले असते तर या विषयावरील चर्चा पुष्कळ उपयुक्त झाली असती.

चर्चेत एका चाचणीचा हवाला हटकून दिला जातो. २००७च्या अखेरीस मेरिलँडमधील ॲबर्डीन येथे अमेरिकन सैन्याने चार प्रकारच्या रायफली अतिशय बारीक धुळीत घालून तपासल्या. प्रत्येक प्रकाराच्या १० रायफली, आणि प्रत्येकीतून ६,००० गोळ्या. मूळ पद्धतीची एम-४ रायफल ८८२ वेळा अडकली, एचके-४१६ २३३ वेळा, स्कार २२६ वेळा आणि एक्सएम-८ १२७ वेळा. म्हणजे एम-४ सरासरी ६८ गोळ्यांमागे एकदा अडली आणि तिच्याच देहाची, पण दट्ट्याची, एचके-४१६ अडीचशेहून अधिक गोळ्यांमागे एकदा. या आकड्यांनी निकाल लागला असे मानणारे लोक पुष्कळ आहेत. त्यांना मी एवढेच विचारतो की त्याच वर्षी काही महिने आधी त्याच प्रकारच्या धुळीच्या चाचणीत हीच एम-४ सुमारे तीनशे वेळा अडकली होती, त्याचे काय करावयाचे? एकाच रायफलीचा आकडा दोन चाचण्यांत जवळजवळ तिपटीने बदलत असेल, तर त्यांतील एकच आकडा उचलून त्यावर फैसला देणे धारिष्ट्याचे होईल. माझ्या मते त्या चाचणीने दट्ट्याच्या बाजूने एक सबळ पुरावा दिला. शेवटचा शब्द दिला नाही.

म्हणून मी स्वतःच एक दट्ट्याचे अपर जुळविले. त्यातील वायूच्या नियामकाला अनेक खटके आहेत, नळी १६ इंचांची, म्हणजे १९३४पासून चालत आलेल्या कायद्याने विशेष नोंदणीशिवाय रायफलीला जेवढी किमान लांबी लागते तेवढी. या कामात दट्ट्या माणसाला आपली उपस्थिती पदोपदी जाणवून देतो. नळीवरील आच्छादन आपल्या पसंतीचे निवडावे, तर दांड्याला आणि स्प्रिंगला त्यात जागा नसते. जागा असलेले निवडावे, तर रायफलीचा तोल पुढे जातो आणि उभ्याने नेम धरताना डावा हात लवकर थकतो. नळीतील वायू दट्ट्याकडे वळविणारा ठोकळा, म्हणजे गॅस ब्लॉक, नळीवर केसभर जरी तिरका बसला, तरी दांडा त्याच्या भोकाच्या कडेला घासतो आणि ते घासणे हाताने दांडा मागेपुढे सरकविताना बोटांना खरखरीत लागते. मूळ पद्धतीत वायूची नळकांडी थोडी वाकूनही आपले काम करते. दट्ट्याच्या दांड्याला वाकणे खपत नाही. हे अपर जुळविणाऱ्याने मोजमापात कसूर करता कामा नये, आणि मला या शिस्तीचा त्रास झाला नाही, उलट मी तिच्यात रमलो.

गोळीबार आटोपून चांदमारीच्या अधिकाऱ्याने शस्त्रांना हात लावू नका असे फर्मान सोडले, लोक लक्ष्यांचे कागद बदलून परतले, आणि पुन्हा मुभा मिळाली की मी प्रथम बोल्ट बाहेर काढतो. मूळ अपरमधील बोल्ट अशा वेळी बोटांना चटका देतो. त्याच्या शेपटावर काळपट, चिकट थर असतो, आणि तेल करड्या चिखलासारखे झालेले असते. दट्ट्याच्या अपरमधील वाहक हाताला जेमतेम कोमट लागतो, त्यावरील तेल बाटलीतून काढावे तसे पिवळसर, पारदर्शक राहिलेले असते, आणि बोल्टचे दात पांढऱ्या चिंधीने पुसले तर चिंधी जवळजवळ पांढरीच राहते. पहिल्यांदा हे पाहताना कोणालाही दट्ट्याची भक्ती जडावी. परंतु घरातली चूल अंगणात नेली म्हणून राख काढण्याचे काम संपत नाही. नियामकाचा मळसूत्री तुकडा सोडवून दट्ट्याचे डोके बाहेर काढले की तेथे करड्या-पांढऱ्या रंगाची, दगडासारखी कठीण खपली जमलेली दिसते, ती चिंधीने निघत नाही, पितळी ब्रशने रेटून काढावी लागते. आणि गॅस ब्लॉक इतका तापलेला असतो की बराच वेळ त्याला हातही लावता येत नाही. काजळी तेवढीच झाली. तिची जागा बदलली.

जागा बदलल्याचा लाभ खरा आहे, आणि तो मी कमी लेखत नाही; मळ अशा ठिकाणी गेला की जेथे त्याने यंत्राची गती लगेच अडत नाही. पण त्याच्याबरोबर बळाचीही जागा बदलली, आणि हे फारसे कोणी पाहत नाही. स्टोनर यांनी अक्षावर ठेवलेला रेटा आता अक्षाच्या वर, वाहकाच्या माथ्यावर, ठोशाच्या रूपाने येतो. माथ्यावर ठोसा बसला की वाहकाचे पुढचे टोक वर उचलले जाऊन मागचे टोक खाली दबते, आणि दस्त्यातील ॲल्युमिनियमच्या नळकांड्यात शिरताना ते त्याच्या खालच्या ओठावर घासते. माझ्या अपरचा वापर पुरेसा झाल्यावर मी तो ओठ भिंगाखाली पाहिला. काळ्या मुलाम्यावर अर्धचंद्राकृती रुपेरी चट्टा पडलेला होता, आणि नख फिरविले तर त्याच्या कडेशी नख किंचित अडखळत होते. चांगले उत्पादक यावर उपाय म्हणून वाहकाच्या मागच्या टोकाखाली उंचवटे ठेवतात किंवा ते टोक निमुळते करतात. त्याने झीज मंदावते, कारण नाहीसे होत नाही. दुसरी खूण अपरच्या आतल्या भिंतीवर मिळते. बोल्टला फिरविणारी खीळ तेथे ॲल्युमिनियमवर आपटून एक छोटा खळगा पाडते, कारण बोल्टला पुढे दाबून त्याच्या दातांवरचा ताण हलका करणारा तो वायू आता तेथे नाही. दात भार घेऊनच फिरतात आणि सुटतात. ज्याला दट्ट्याच्या अपरचे खरे मूल्यमापन करावयाचे असेल, त्याने बोल्टची स्वच्छता पाहून हुरळून न जाता या दोन जागा भिंगाने पाहाव्यात.

नेमाविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखे फारसे निघाले नाही. तीन-तीन गोळ्यांचे देखणे गट पाडून त्यांची छायाचित्रे मिरविण्याची येथे चाल आहे; तीन गोळ्यांचा गट योगायोगाचा खेळ असतो, म्हणून मी शंभर यार्डांवर एकाच कारखान्याच्या काडतुसांनी दहा-दहा गोळ्यांचे गट पाडीत गेलो. दट्ट्याच्या अपरचे गट किंचित मोठे पडले, परंतु तो फरक एकाच अपरच्या दोन दिवसांतील फरकाहून लहान होता. असा फरक नोंदवून ठेवावा. त्याचा निष्कर्ष करू नये.

नियामकाचा खटका किती ठेवावा यावर मात्र मी बराच विचार केला, आणि त्याचे उत्तर मला ॲरिझोनात न मिळता गावाकडून मिळाले. माझे मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. १९६२च्या युद्धानंतर इशापूरच्या कारखान्यात जी ७.६२ मिलिमीटरची स्वयंभरणी रायफल होऊ लागली, जिला सारी पलटण एसएलआर म्हणत असे, ती त्यांनी उमेदीच्या वर्षांत खांद्यावर वागविली. तीही आखूड ठोशाच्या दट्ट्याचीच, आणि तिलाही वायूचा नियामक. एका रविवारी फोनवर मी त्यांना विचारले, "मामा, ह्या रायफलीत गॅस किती ठेवू? इथे सगळे म्हणतात, धक्का कमी बसेल इतका कमी ठेव."

"धक्क्याचं काय घिऊन बसलाईस," मामा म्हणाले. "आधी त्यो समदा उघडा टाक, गॅस वाया जाऊ दे. मॅगझीनमधी एकच गोळी घालायची, फायर करायचा, आन् बोल्ट मागं अडकून ऱ्हातो का बघायचं. न्हाय ऱ्हायला, तर एक खटका आवळ. ऱ्हायाय लागला की वर दोन खटके जास्ती दे, आन् मग त्याला हात लावू नगंस."

"वरचे दोन कशाला, मामा?"

"थंडी, धूळ, घाण, जुनी गोळी. समद्याची सोय त्या दोन खटक्यांत असती बघ."

एसएलआरच्या नियामकाचा हाच शिरस्ता सैन्याच्या शिक्षणात होता, आणि माझ्या मते त्यात यंत्रशास्त्राचा एक संपूर्ण धडा आहे. सध्याची हौशी रीत अशी की वायू कमी करीत करीत यंत्र जेमतेम चालेल अशा टोकाला आणावयाचे, म्हणजे खांद्याला धक्का कमी बसतो आणि पुढची गोळी लवकर मारता येते. स्वच्छ मेजावर, कोवळ्या उन्हात, एकाच पेटीतील काडतुसांनी ते चालतेही. परंतु तसे जुळविलेल्या रायफलीला वाईट दिवसासाठी काहीच शिल्लक उरत नाही. उलट वायू नको तितका सोडला तर वाहक अंगात आल्यासारखा मागे धावतो, रिकामी काडतुसे पुढच्या अंगाला भिरकावली जातात, आणि वर सांगितलेल्या दोन्ही ठिकाणची झीज झपाट्याने वाढते. किमान गरज शोधून काढावी आणि तिच्यावर मोजून दोन खटके द्यावेत, ही मामांची रीत मी तंतोतंत पाळली. रिकामी काडतुसे उजव्या अंगाला, किंचित मागे, एकाच ठिकाणी ढिगाने पडू लागली, आणि त्यानंतर त्या नियामकाला मी हात लावलेला नाही.

दट्ट्याच्या बाजूने एका गोष्टीची नोंद न करणे अन्यायाचे होईल. नळी जसजशी आखूड होते तसतसे वायूचे छिद्र मागे सरकवावे लागते. वीस इंची मूळ रायफलीत ते सुमारे १३ इंचांवर असते, आखूड कार्बाइनमध्ये सुमारे ८ इंचांवर. आणि तेथे वायूचा दाब कितीतरी अधिक असतो, यंत्राची हालचाल घाईची होते, आणि स्टोनर यांनी लांब नळीसाठी जुळविलेला सारा ताळमेळ बिघडतो. एचके-४१६ची एक नळी १०.४ इंचांची आहे; तिच्यासाठी दट्ट्या हा विलास नसून गरज आहे. नळीच्या तोंडाला आवाज दबविणारे सप्रेसर लावले तरी तेच. वायू उलटा फिरून मागे येतो, आणि मूळ पद्धतीत तो नेमबाजाच्या डोळ्यांत जातो. अशा कामासाठी सिद्ध केलेली व्यवस्था सोळा इंची किंवा वीस इंची नळीवर चढवून ती सर्वांसाठी श्रेष्ठ म्हणून विकली जाते, ही माझी खरी तक्रार. एक व्यावहारिक अडचणही आहे. मूळ अपरचे भाग सरकारी आराखड्याबरहुकूम होत असल्यामुळे एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या वाहकात बसतो. दट्ट्याच्या अपरला असा सर्वमान्य आराखडा नाही, प्रत्येक उत्पादकाचा दांडा, वाहक आणि नियामक वेगळा, आणि त्याने ते उत्पादन थांबविले की एक तुटका सुटा भागही साऱ्या अपरला निकामी करू शकतो. विकत घेताना हे कोणी सांगत नाही.

या प्रश्नाचे वारे आता आपल्याही मुलखापर्यंत पोचले आहे. फेब्रुवारी २०१९मध्ये भारत सरकारने सैन्यासाठी ७२,४०० सिग-७१६ रायफलींचा करार केला आणि २०२४मध्ये आणखी ७३,००० मागविल्या. ७.६२ मिलिमीटरच्या या रायफलीचा देह स्टोनर यांचा आहे आणि वायुव्यवस्था आखूड ठोशाच्या दट्ट्याची, नियामकासह. माझ्या मेजावर जी तुलना हौसेची आहे, ती सीमेवर बर्फात आणि धुळीत उभ्या असलेल्या जवानाच्या दृष्टीने जिवाची आहे. तेथे नादुरुस्त रायफल उद्या पाहू म्हणून पेटीत ठेवता येत नाही. म्हणून तिच्या नियामकाची, दट्ट्याच्या डोक्यावरील खपलीची आणि वाहकाच्या मागच्या टोकाची तपासणी त्याच्या रोजच्या कवायतीइतकीच नियमाने व्हावी, असे मला मनापासून वाटते. व्हिएतनामातील रायफली काजळीने जेवढ्या अडल्या, त्याहून अधिक त्या काजळीविषयीच्या बेफिकिरीने अडल्या.

माझे दट्ट्याचे अपर मी ठेवणार आहे, कारण त्याने मला पुष्कळ शिकविले आणि ते उत्तम चालते. परंतु परदेशात राहणारा, कायद्याने पात्र असलेला एखादा मराठी गृहस्थ पहिली रायफल घेताना माझा सल्ला विचारील, तर मी त्याला दट्ट्याच्या नादी लागू देणार नाही. त्याने आधी भक्कम कुलपाची तिजोरी घ्यावी. मग स्टोनर यांच्या मूळ रचनेचे, मध्यम लांबीच्या वायुनळकांडीचे, सोळा इंची साधे अपर घ्यावे. आणि जे पैसे वाचतील त्यांची काडतुसे घेऊन ती चांदमारीवर, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, सावकाश खर्च करावीत.